पोत्याची घडी

१

सकाळी सहाला कालिंदीबाई मागचं दार उघडायच्या. एका हातात कोळसे उचलायचा जुना चिमटा, दुसऱ्या हातात डालड्याचा रिकामा डबा आणि डब्यात मिठाचं पाणी. अडुसष्टाव्या वर्षी, डाव्या गुडघ्यानं जवाब दिलेला असताना, बाई परसात अशा उतरायच्या की शेजारचे तात्यासाहेब गच्चीवरून म्हणत, "निघाल्या मोहिमेवर!"

मोहीम गोगलगाईंवर होती. पाठीवर शंख घेऊन हिंडणाऱ्या गरीब गोगलगाईंवर नव्हे, तर शंख नसलेल्या, उघड्या, शेंबडासारख्या बुळबुळीत जातीवर. आमचं हे गाव म्हणजे आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणारं. माणसं ड्रमातलं पाणी पुरवून पुरवून वापरतात. पण त्या वर्षी पाऊस असा चिकटला की माणसांची झाली अडचण आणि या बयांची झाली चैन. पुंडलिकनगरातल्या त्या बारा बाय वीसच्या परसात रात्रीतून अळूची चाळणी व्हायची आणि माठाचे नुसते देठ उरायचे.

दुसरं कुणी असतं तर मंडईतून भाजी आणून मोकळं झालं असतं. बाईंना ते परवडणारं नव्हतं. आषाढात मुलगा श्रीधर पुण्याहून आला होता तो गिऱ्हाईकाचा निरोप घेऊनच. "आई, अण्णा गेल्याला अकरा वर्षं झाली. एकटी किती दिवस काढणार? घर विकू, तू आमच्याकडं चल." मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई रडारड थोडीच करणार! त्यांनी पैज लावली. "गणपतीला तू येशीलच. ऋषिपंचमीची भाजी माझ्या परसातली असेल, एक पानसुद्धा विकतचं नाही. ती तुझ्या पानात पडली, तर घर विकायचं पुन्हा नाव काढायचं नाही. नाही पडली, तर मी बॅग भरून तुझ्या गाडीत बसते."

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, माणसाच्या हातानं पिकवलेलंच खायचं. लग्न होऊन आल्यापासून बाईंनी ती भाजी कधी विकत आणली नव्हती. आता तर त्या भाजीवर घर टांगलं होतं.

उपाय सुचवला कामाला येणाऱ्या साळूबाईनं. ती पाचोडची, शेतकऱ्याची लेक. "बाई, चिमट्यानं कुठवर येचता? आमच्याकडं सोयाबीनात लई झाल्या व्हत्या. गुळाच्या पाण्यात पोतं भिजवायचं अन् दिवस बुडताना वाफ्यात अंथरायचं. सकाळी उचललं की समद्या पोत्याखाली. मग घाला मिठात."

पहिल्याच सकाळी पोतं उचललं आणि बाईंचे डोळे निवले. डबा काठोकाठ भरला. दुसऱ्या सकाळी अर्धा भरला. तिसऱ्या सकाळी एकही गोगलगाय नव्हती, अळूला कोवळी सुरळी फुटली होती, आणि वाफ्यात पसरून ठेवलेलं पोतं पायरीवर चार घड्या घालून ठेवलेलं होतं.

२

"पोतं तू उचललंस का गं?" साळूबाई नऊला आली तेव्हा बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"म्या? म्या तर आत्ता येऊन ऱ्हायले. पोत्याला हात लावला नाय."

ती घडीही बघण्यासारखी होती. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा, आणि उघडी बाजू भिंतीकडं. बाई घरातल्या सतरंज्या, चादरी, पायपुसणी अशाच ठेवत. सून गमतीनं म्हणायची, "आईंची घडी म्हणजे भूमितीची आकृती."

मग मीच ठेवलं असेल, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. पण श्रीधरचं म्हणणं तरी वेगळं काय होतं? आई विसरते, आईला आता झेपत नाही. दोनच महिन्यांपूर्वी बाईंनी गॅस चालू ठेवून दूध उतू घालवलं होतं, आणि ते नेमकं सुनेला सांगून बसल्या होत्या. तेव्हा यावेळी कुणाला चकार शब्द सांगायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी चिमटा खिळ्याला टांगलेला होता. संध्याकाळी तो त्या वाफ्यात विसरल्या होत्या, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी डबा विसळून उपडा घातलेला होता.

"वहिनी," तात्यासाहेब भिंतीपलीकडून म्हणाले, "काल श्रीधरचा फोन होता. आईकडं लक्ष ठेवा म्हणाला."

"मग? काय सांगितलंत?"

"तब्येत ठणठणीत आहे म्हटलं. पहाटे चिमटा घेऊन हिंडतात आणि मिठाच्या डब्याशी बोलतात, एवढंच सांगितलं."

"तुमचं भलं होवो," बाई म्हणाल्या, आणि पाठ वळवून तुळशीला पाणी घालायला गेल्या. तिथं त्यांचा हात तांब्यासकट थांबला.

तुळशीवृंदावनाभोवती चिकट, चकाकणारी रेघ होती. गोगलगाय जाते तिथं अशी रेघ उमटते, त्यात नवल नव्हतं. पण ही तळहाताएवढी रुंद होती आणि तिचे वेढे होते. बाईंनी ते मोजले. पाच भरले. त्या रोज सकाळी तुळशीला पाचच प्रदक्षिणा घालत.

३

गणिताच्या बाईंनी गणितासारखाच विचार केला. गोगलगाई येतात म्हणजे बाहेरून येतात. बाहेरून येतात तर वाट अडवली की झालं. त्यांनी साळूबाईकडून चुन्याची फक्की मागवली आणि कुंपणभिंतीच्या आतून, फाटकाखालूनसुद्धा, वीतभर रुंद पट्टा ओढला. चुना ओलांडायची या जातीची छाती नाही. पावसानं धुतलं की पुन्हा ओढायचा, एवढंच काम. संध्याकाळपर्यंत परस चारी बाजूंनी बंद झालं आणि बाईंनी कमरेवर हात ठेवून ते समाधानानं न्याहाळलं.

साळूबाई जाता जाता म्हणाली, "बाई, डालग्याखाली कोंबड्या डालायच्या आधी मांजर आत नाय ना, ते बघत असत्यात."

"कसलं मांजर?"

"नाय, आपलं बोलायची पद्धत हाय."

दिवेलागणीला बाई पोळ्या लाटत होत्या. मागच्या फरशीवरून चालण्याचा आवाज आला. एक पाऊल, मग फरफट. एक पाऊल, मग फरफट. ओलं फडकं फरशीवर ओढावं तसा तो आवाज होता, पण चाल ओळखीची होती. बाईंनी लाटणं थांबवलं आणि विचार केला, ही कुणाची चाल? मग त्यांची नजर आपल्या डाव्या गुडघ्यावर गेली.

आवाज दाराशी येऊन थांबला. दोन्ही बाजूंना कुणीच हललं नाही. तव्यावरची पोळी जळली तेव्हा कुठं बाईंना जाग आली, आणि त्यांनी दाराची वरची कडीसुद्धा घातली.

सकाळी त्यांनी रेघेचा माग काढला. ती परसाच्या ईशान्येच्या कोपऱ्यातून निघाली होती. तिथं प्लॉट पाडण्याआधी शेतातली विहीर होती. ती दगडमातीनं बुजवलेली, आणि टँकरच्या वर्षातसुद्धा तिथली माती कधी वाळली नव्हती. रेघ कोपऱ्यातून भिंतीपर्यंत गेली होती, चुन्यापाशी वळली होती आणि चुन्याच्या कडेकडेनं सबंध परसाला फेरी घालून परतली होती. बाहेर जायला वाट सापडली नाही म्हणून मग ती घराकडं आली होती. स्वयंपाकघराच्या दारावर, बरोबर बाईंच्या तोंडाच्या उंचीवर, एक गोल ओला डाग होता. दाराला तोंड टेकून कुणी आतला कानोसा घेत उभं राहावं तसा.

वाफ्यातली भाजी मात्र टवटवीत होती. माठाचं एक पानसुद्धा कुरतडलेलं नव्हतं. उलट रोपांच्या बुडाशी माती ओढलेली होती, खुरपं फिरवल्यासारखी.

४

बाई पलंगावर बसल्या. दोनच शक्यता होत्या. एक तर हे सगळं मीच करते आणि विसरते, म्हणजे श्रीधर बरोबर आहे. नाही तर मी करत नाही. पहिलं खरं असेल तर निमूट बॅग भरायची. पण सिद्ध झाल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, हे त्यांनी तीस वर्षं पोरींच्या डोक्यात घातलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मागच्या पायरीवर तीन खडे एका ओळीत मांडले. आयुष्यात कधी केलं नव्हतं असं काहीतरी करायचं होतं. मग दोन्ही दारांना बाहेरून कुलूप लावायला सांगून त्यांनी किल्ल्या साळूबाईच्या हातात दिल्या.

"बाई, तुमाला कोंडून जाऊ? लोकं काय म्हनतील मला?"

"सकाळी लवकर ये. आणि किल्ली काही झालं तरी कुणाला देऊ नकोस. मी स्वतः मागितली तरी नाही."

साळूबाईनं त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग किल्ल्या कनवटीला लावल्या आणि बाहेरून कुलपं घालून गेली.

सकाळी कुलूप निघालं. पायरीवर बाईंचे तीन खडे होते तसेच होते. त्यांच्या शेजारी आणखी तीन खडे होते, एका ओळीत, ओले.

बाईंनी टाळीच वाजवली. "साळू! माझं डोकं ठिकाणावर आहे गं! मी नाही हे करत!" साळूबाईचे दोन्ही खांदे धरून त्या हसत राहिल्या. दोन महिन्यांत इतका आनंद त्यांना झाला नव्हता.

साळूबाई खड्यांकडं बघत होती. "तुमी नाय, तर मंग कोन?"

तेव्हा कुठं बाईंना भीती वाटली. जे कुणी होतं ते त्यांचं बघून शिकत होतं. घडी, प्रदक्षिणा, लंगडणं, वाफ्याची निगा. उद्या ते दार उघडायला शिकेल. परवा तव्यावर पोळी टाकेल. आणि बाई पुण्याला गेल्या काय, न गेल्या काय, या घरात कालिंदीबाई कायमच्या राहतीलच, फक्त त्या या नसतील.

"घर माझं आहे," बाई मोठ्यानं म्हणाल्या. अळूच्या वाफ्याकडं बघून, समोर वर्ग भरलाय अशा आवाजात.

५

गणपती चार दिवसांवर आला होता. बाईंनी फाटकाखालचा चुना झाडून टाकला आणि साळूबाईला सांगितलं, "मी शिकवते ते हे शिकतं ना? मग आता याला जायला शिकवते."

त्या दिवशी दुपारनंतर पुंडलिकनगराच्या मागच्या गल्लीनं एक नवलच पाहिलं. कालिंदीबाईंनी ठेवणीतली साडी नेसली. देवाला नमस्कार केला, तळहातावर दही घेतलं. मागच्या दाराला कुलूप लावलं, तुळशीपाशी वाकल्या, हातात बॅग घेतली. फाटक उघडून बाहेर आल्या, वळून कडी लावली आणि गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. पाच मिनिटांनी त्या परत आल्या आणि पुन्हा तेच. असं तीनदा.

"वहिनी, गावाला?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"पुण्याला. सराव करतेय," बाई म्हणाल्या, आणि तात्यासाहेब घाईघाईनं फोन शोधायला आत गेले.

सकाळी रेघ फाटकापर्यंत गेली होती, कडुनिंबापर्यंत गेली होती, आणि परत आली होती. तीनदा गेली होती, तीनदा आली होती. बाईंनी कपाळावर हात मारला. परत यायलाही त्यांनीच शिकवलं होतं! आपल्याकडं माणूस निघताना 'येते' म्हणतो आणि पाऊल परत वळेल असंच टाकतो. बाईंना आयुष्यात कायमचं जाणं कधी जमलंच नव्हतं. तेच तर सगळं भांडण होतं.

दुसऱ्या दिवशी त्या खरोखर गेल्या. दुपारी घरभर हिंडून एकेका भिंतीला हात लावला. अण्णांच्या फोटोचा हार काढून ठेवला. वाफ्यापाशी बसून अळूच्या पानांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सांभाळा." आता त्या नाटक करत होत्या की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. डोळे वाहत होते आणि त्या पुसत नव्हत्या. तुळशीपाशी वाकून उठताना गुडघा इतका दुखला की त्यांनी वृंदावनाचा आधार घेतला. मग कुलूप, फाटक, कडी, कडुनिंब. आणि या वेळी खरंच रिक्षात बसून त्या साळूबाईच्या घरी गेल्या. रात्रभर भाजीवर राखण नव्हती. जे व्हायचं ते होवो.

६

हरतालिकेच्या दिवशी, फटफटायच्या सुमाराला, झिमझिम पावसात दोघी विजेच्या खांबाआड उभ्या होत्या. साळूबाईच्या हातात चुन्याची पाटी होती, वर प्लॅस्टिक घातलेलं. समोर बाईंचं फाटक.

आधी तो आवाज आला. एक पाऊल, मग फरफट. तुळशीपाशी तो थांबला, बराच वेळ थांबला. मग फाटक उघडलं.

"खाली बघ," बाई कुजबुजल्या. "चुना भिजतोय का बघ." साळूबाईनं पाटीवरचं प्लॅस्टिक सारखं करायला मान खाली घातली, आणि पुढं जन्मभर त्याबद्दल देवाचे आभार मानले.

बाईंनी पाहिलं. पोतं होतं. शेतात पावसात बायका पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतात, तसं डोक्यावरून घेतलेलं पोतं, बरोबर बाईंच्या उंचीचं, डाव्या अंगाला कललेलं. पोत्याच्या खाली पाय असायला हवे होते, तिथं फरशी नुसती चकाकत होती. ते बाहेर आलं, वळलं, आणि पोत्याच्या कडेतून काहीतरी निघून फाटकाची कडी नीट लागली. बोटं म्हणावीत तर त्यांना सांधे नव्हते. ते कडुनिंबाखाली गेलं आणि रस्त्याकडं तोंड करून उभं राहिलं. त्याचे खांदे हलत होते. बाई काल तिथं उभं राहून रडल्या होत्या.

एक क्षण बाईंना त्याची दया आली. दुसऱ्या क्षणी त्यांनी पाटी हिसकली.

दुखऱ्या गुडघ्यानं त्या गल्ली ओलांडून गेल्या. पाठीमागं ते वळलं की नाही, हे त्यांनी पाहिलं नाही. फाटकाखाली त्यांनी चुना ओतला, या खांबापासून त्या खांबापर्यंत, हातभर रुंद, सगळी पाटी संपेपर्यंत. मग भिंतीला टेकून मागं पाहिलं. कडुनिंबाखाली कुणी नव्हतं. बुंध्याशी पोतं होतं, चार घड्या घातलेलं.

"गेलं का ओ?" साळूबाईनं डोळे मिटूनच विचारलं.

"गेलं!" बाई ओरडल्या, आणि शेजारच्या घरात तात्यासाहेब दचकून जागे झाले. "गेलं! आणि मी इथं आहे!"

परसात अळू कमरेइतका उभा होता. रात्रभरात त्याला कुणी दातसुद्धा लावला नव्हता. ईशान्येच्या कोपऱ्यातली कधी न वाळणारी माती त्या झिमझिम पावसातही कोरडी पडली होती. बाईंनी घरात उरलासुरला होता तो चुना त्या कोपऱ्यावर टाकला आणि वर पाय आपटून आपटून तो दाबला.

७

त्याच संध्याकाळी श्रीधर आणि सून आले. पुढचा रस्ता अरुंद म्हणून गाडी नेहमीसारखी मागं कडुनिंबाखाली लावली. गणपती बसला, आणि पंचमीला बाईंनी वाढलं. अळू, माठ, भेंडी, पडवळ, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, सगळं परसातलं. तात्यासाहेबांनाही पान मांडलं होतं. ते तीनदा भाजी मागून घेऊन म्हणाले, "श्रीधर, मी फोनवर काय बोललो ते सगळं परत घेतो."

श्रीधरनं ताट चाटूनपुसून साफ केलं. मग खाली बघत म्हणाला, "गिऱ्हाईकाला नाही म्हणून सांगतो, आई."

"आत्ता सांग," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर."

त्यानं फोन लावला. साळूबाई दारात उभी राहून ऐकत होती, ती तोंडाला पदर लावून हसली. त्या दुपारी बाई अण्णांच्या फोटोला नवा हार घालताना चक्क गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. ती उभी होती तिथं खाली लांबोळका ओला पट्टा होता. श्रीधर म्हणाला, एसीचं पाणी. बाई विजयाच्या भरात हात हलवत होत्या, त्यांचं तिकडं लक्षच गेलं नाही.

आठवड्यानं श्रीधरचा फोन आला. आवाज जरा ओशाळा होता. "आई, हसू नकोस. तू नाहीस तरी तू इथं आहेस असं वाटतंय. दारातलं पायपुसणं रोज सकाळी चार घड्या घातलेलं असतं. अगदी तुझी घडी. ही म्हणते मी ठेवलं, मी म्हणतो हिनं ठेवलं. आणि बाल्कनीत तुळशीच्या कुंडीभोवती काहीतरी चिकट सांडतंय."

बाई खुर्चीत बसल्या. पुण्याला निघायला त्यांनी शिकवलं होतं, आणि शिकवलेलं ते चोख करत होतं.

मग त्यांनी खिळ्याला टांगलेल्या चिमट्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. एकदा सुटलेलं गणित दुसऱ्यांदा अवघड जात नाही.

"श्रीधर, नीट ऐक. दाराशी चुनाबिना काही टाकू नकोस. ते आत असताना तर मुळीच नाही. मी येते, साळूला घेऊन येते. आमची तिकिटं काढ."

"खरंच येतेस?" त्याला खरं वाटेना. "राहायला?"

"आमची यायची काढ," कालिंदीबाई म्हणाल्या, "आणि परतीचीही काढ."